सिन्न-ए-यास : निराशेचे नव्हे, विचाराचे वय



स्त्रीची पाळी कायमची बंद होते त्या वयाला उर्दूत 'सिन्न-ए-यास' म्हणतात. सिन्न म्हणजे वय आणि यास म्हणजे निराशा. हा शब्द ऐकला की वाटते, आता या बाईचे सगळे संपले. पण शब्दाचे मूळ पाहिले तर अर्थ वेगळा निघतो. सूरह तलाकच्या चौथ्या आयतीत इद्दतचा हुकूम सांगताना, ज्यांना आता पाळी येण्याची आशा उरलेली नाही अशा स्त्रियांचा उल्लेख आहे. म्हणजे संपली ती पाळीची आशा. आयुष्याची आशा संपल्याचे तिथे कुठेही म्हटलेले नाही. आपल्या घरांत मात्र हा फरक पुसला गेला आहे. पंचेचाळिशी ओलांडलेली अम्मी रात्री घामाने भिजून उठते, चिडचिड करते, गुडघे धरून जिना चढते आणि घरचे म्हणतात, "वय झाले, चालायचेच."

या वयातल्या हार्मोन उपचाराबद्दल वाचक भगिनींचे प्रश्न अधूनमधून येत असतात. ते फिरून फिरून तीनच असतात. या गोळीने कर्करोग होतो का? ती आपल्याला जायज आहे का? आणि ती घेतली तर म्हातारपण लांबते का? या महिन्यात याच तीन प्रश्नांकडे पाहू. आम्ही डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही. शिक्षकाचे काम गोष्ट सोपी करून सांगण्याचे असते, तेवढेच इथे करणार आहोत.

आधी शरीरात काय होते ते

स्त्रीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन हार्मोन तयार होतात. चाळिशीनंतर त्यांचे प्रमाण कमी-जास्त होऊ लागते आणि पुढे ते अगदी खाली येते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. पाश्चात्य देशांत हे वय सरासरी 51 आहे. आपल्या देशातील स्त्रियांत ते चार-पाच वर्षे आधी, म्हणजे 46-47 च्या आसपास येते.

इस्ट्रोजेन कमी झाले की त्याचा परिणाम केवळ गर्भाशयापुरता राहत नाही. अचानक छाती-मानेतून गरम वाफ चढावी तसे होते, घाम फुटतो, झोप तुटते, छातीत धडधडते. लघवीच्या जागी कोरडेपणा आणि जळजळ होते, लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हाडांतील कॅल्शियम वेगाने कमी होऊ लागते आणि पहिल्या काही वर्षांत हा वेग सर्वांत जास्त असतो. हजरत जकरिया (अलै.) यांनी सूरह मरियममध्ये अल्लाहकडे केलेल्या दुआची सुरुवातच हाडे कमजोर झाल्याच्या उल्लेखाने होते. उतारवयाची ही खूण माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

वाफा येण्याचा त्रास काहींना दोन-तीन महिने होतो, काहींना होतच नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत मात्र तो सरासरी सात वर्षांहून अधिक टिकतो असे दिसले. सात वर्षे नीट झोप न मिळालेल्या बाईला "सबर कर" म्हणणे सोपे आहे. सबर करावाच, पण उपचार हाती असताना तो नाकारणे म्हणजे सबर, असे दीन सांगत नाही. आजारावर इलाज करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. त्याच हदीसमध्ये ज्याला इलाज नाही असा एक अपवाद सांगितला आहे आणि तो म्हणजे म्हातारपण. हा अपवाद लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला तो लागणार आहे.

कर्करोगाची भीती कुठून आली?

इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत 1942 पासून विकली जाते. 1966 साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक लिहून प्रचार केला की ही गोळी घेणारी स्त्री कायम तरुण राहील. लाखो बायका गोळ्या घेऊ लागल्या. 1975 मध्ये लक्षात आले की गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. मग सोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध द्यायला सुरुवात झाली, कारण ते अस्तराला आवर घालते. तो नियम आजही कायम आहे. गर्भाशय असेल तर दोन्ही औषधे, काढलेले असेल तर बहुधा एकटे इस्ट्रोजेन.

पुढे 1990 च्या दशकात अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. त्यात दोन्ही औषधांच्या गटात 16,608 स्त्रिया होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. जुलै 2002 मध्ये हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आला आणि जगभर बातमी झाली की हार्मोनच्या गोळीने स्तनाचा कर्करोग 26 टक्क्यांनी वाढतो. बायकांनी गोळ्या टाकून दिल्या आणि डॉक्टरांनी लिहून देणे थांबवले. ती भीती आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आली आणि अजून उतरलेली नाही.

आता हेच 26 टक्के फळ्यावर मांडून पाहू. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला 30 जणींना स्तनाचा कर्करोग झाला. खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत 38 जणींना. वाढ आठची. तीसवर आठ म्हणजे सव्वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून बातमी खोटी नव्हती. पण 'दहा हजारांत आठ' ऐकून बाई जो निर्णय घेईल तो 'सव्वीस टक्के' ऐकून घेणार नाही. त्याच हिशेबाने हृदयविकाराच्या सात, पक्षाघाताच्या आठ आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याच्या आठ घटना जास्त झाल्या. दुसऱ्या बाजूला मांडीचे हाड खुब्यात मोडण्याच्या पाच आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सहा घटना कमी झाल्या.

आणखी एक गोष्ट बातमीत मागे पडली. या स्त्रियांचे वय 50 ते 79 होते आणि सरासरी 63. म्हणजे पुष्कळजणींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झाली होती. ज्या वयात बाई वाफांनी हैराण होऊन डॉक्टरकडे जाते, ते वय हे नव्हे. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे करून पाहिले तेव्हा साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांत हृदयाचे चित्र बरेच सौम्य दिसले. गर्भाशय काढलेल्या आणि नुसते इस्ट्रोजेन घेतलेल्या गटात पक्षाघात वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट पुढच्या वर्षांत तो कमीच आढळला. या सगळ्या स्त्रियांचा 18 वर्षे मागोवा घेऊन 2017 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरच्या चौकटीतल्या कडक इशाऱ्यातून हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांचे उल्लेख काढण्याचे जाहीर केले.

म्हणून गोळी अगदी निर्धोक ठरली काय? तसेही नाही. दोन्ही औषधे जितकी जास्त वर्षे घ्यावी तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीने वाढतो, त्वचेवर लावायच्या जेलने किंवा पट्टीने तो तसा वाढलेला दिसत नाही. ज्यांना पूर्वी स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला आहे, पायात वा फुप्फुसात गुठळी झाली आहे, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, यकृताचा आजार चालू आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत आहे, अशांनी हा उपचार सहसा घ्यायचा नसतो.

सूरह बकरामध्ये दारू आणि जुगाराबद्दल प्रश्न विचारला गेला, तेव्हा उत्तरात त्यांचे फायदेही मान्य केले आहेत आणि गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे असे सांगितले आहे. या आयतीतून आम्ही एक पद्धत शिकतो. दोन्ही पारडी समोर ठेवायची, मग बोलायचे. औषधाच्या बाबतीत ही पारडी प्रत्येक बाईची वेगळी असतात. पन्नाशीच्या, रात्र रात्र जागणाऱ्या, बाकी निरोगी बाईचे पारडे फायद्याकडे झुकू शकते. पासष्टीच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या बाईचे नुकसानाकडे.

पिशवी काढलेल्या बायकांचे काय?

या विषयावर लिहिण्याचे खरे कारण इथे आहे. शाळेच्या पालकसभेनंतर सातवीतल्या मुलीची आई थांबली. वय 36. तीन वर्षांपूर्वी पिशवीचे ऑपरेशन झालेले. म्हणाली, "आपा, पिशवी काढल्यापासून अंगाची आग होते, हाडे दुखतात. डॉक्टर म्हणाले होते, आता कटकट संपली." दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड आणले. इंग्रजीत लिहिलेले ते कार्ड तीन वर्षांत तिला कोणी वाचून दाखवले नव्हते. त्यावर 'टी.ए.एच.' लिहिले होते आणि पुढे 'बी.एस.ओ.'. पहिल्याचा अर्थ पोट उघडून गर्भाशय काढले. दुसऱ्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयेही काढली. म्हणजे तेहतिसाव्या वर्षी, एका दिवसात, तिची हार्मोन बंद झाली होती आणि तिला ते ठाऊकच नव्हते.

अशा बाईला 2002 ची भीती लागूच पडत नाही. तो अभ्यास पन्नाशीपुढच्या स्त्रियांचा होता. चाळिशीच्या आत अंडाशये गेली किंवा आपोआप बंद पडली तर हाडे लवकर ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून, वर सांगितलेली अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, हार्मोन भरून द्यावीत असाच वैद्यकीय सल्ला आहे. इथे औषध न घेण्यातच धोका जास्त आहे. तिला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले, आणि कार्ड सोबत न्यायला.

ही एकटी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचे हे ऑपरेशन झालेले आढळले. त्या बायका कोणत्या समाजाच्या, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. आपल्या मोहल्ल्यातही पांढरे जाते, जास्त जाते, म्हणून पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका आहेत. घरात कोणाचे ऑपरेशन झाले असेल तर आजच ट्रंकेतून कार्ड काढा आणि इंग्रजीतली ती तीन अक्षरे, 'बी.एस.ओ.', आहेत का ते कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. आणि ऑपरेशन अजून व्हायचे असेल तर आधी विचारा की अंडाशये ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का.

जायज-नाजायजचा प्रश्न

सगळ्यांत जुनी आणि प्रसिद्ध इस्ट्रोजेनची गोळी, प्रीमरिन, गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवतात. तिचे नावही त्याच इंग्रजी शब्दांवरून पडले आहे. नापाक वस्तूवर प्रक्रिया होऊन तिचे रूप पार बदलले तर हुकूम बदलतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निकाल देणे आमचे काम नाही. पण अडून बसण्याचीही गरज नाही. आज एस्ट्राडायॉल हे औषध कंद येणाऱ्या काही वनस्पती आणि सोयाबीन यांतील द्रव्यापासून कारखान्यात तयार होते आणि ते आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखेच असते. डॉक्टरांना सरळ सांगा की घोडीपासूनची गोळी नको. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. ते कशापासूनचे आहे, पर्याय आहे का, हे औषध दुकानदाराला विचारता येते आणि गरजेच्या वेळी काय करावे हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारता येते.

इबादतीच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर रमजानमध्ये ती इफ्तारनंतर घेता येते, वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. जेल हाताला किंवा मांडीला लावतात आणि लावल्यावर निदान तासभर ती जागा धुवायची नसते, म्हणून इशाची नमाज झाल्यावर लावणे सोयीचे. काही पद्धतींत दर महिन्याला पाळीसारखा रक्तस्राव पुन्हा सुरू होतो, त्या दिवसांत नमाज-रोजाचे काय, हे आधीच विचारून ठेवावे. मात्र औषध चालू नसताना, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला तरी मसला विचारण्याबरोबर त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जा. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि वेळेत कळले तर तो बरा होतो.

हज-उमराला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्या भगिनी जी गोळी घेतात, तेही हार्मोनच आहे. चाळिशीपुढच्या, वजन जास्त असलेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या बाईने ती शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. त्या गोळीने आणि लांबच्या विमानप्रवासाने, दोन्हींनी गुठळीचा धोका वाढू शकतो.

म्हातारपण लांबते का?

नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ मंडळाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले की पाळी गेलेल्या स्त्रियांनी पुढचे जुनाट आजार टाळण्यासाठी म्हणून हार्मोन घेऊ नयेत. वाफा, घाम, तुटलेली झोप यांवर याइतके गुणकारी दुसरे औषध नाही, वाफा सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होतात. हाडांचेही रक्षण होते. पण चेहरा तरुण राहावा, स्मरणशक्ती वाढावी, आयुष्य वाढावे म्हणून ही गोळी नाही. पुरुषांसाठी 'ताकदीची' म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने विकली जातात, त्यांचेही तेच. तपासणीत हार्मोन खरोखर कमी निघाले आणि लक्षणे असली तरच ती घ्यायची असतात. 2023 मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसातील गुठळी यांचे प्रमाण जास्त दिसले. म्हातारपणाचा अपवाद हदीसमध्ये आधीच सांगून ठेवला आहे. इलाज त्रासावर करायचा असतो, वयावर नाही.

हाडांसाठी करण्यासारखे घरातही पुष्कळ आहे. नाचणी, तीळ, दूध-दही रोजच्या जेवणात हवे. रोज अर्धा तास चालणे हवे. घरात राहणाऱ्या आणि बाहेर बुरखा घालणाऱ्या स्त्रियांना ऊन कमी मिळते, त्यामुळे ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे आणि गच्चीवर किंवा अंगणात, परक्यांची नजर नसेल तिथे, हाता-पायांवर ऊन घ्यावे. घाम, धडधड, थकवा ही थायरॉइडची किंवा रक्त कमी असल्याचीही लक्षणे असतात, म्हणून हार्मोन सुरू करण्याआधी त्या तपासण्या व्हायला हव्यात. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी वाफांवर हार्मोन नसलेली औषधेही आहेत. आणि केवळ कोरडेपणा-जळजळ हाच त्रास असेल तर त्या जागी लावायची कमी मात्रेची मलम मिळते. तिचे औषध रक्तात फारच थोडे उतरते.

हा शेवटचा त्रास बायका वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. नवऱ्याला कारण कळत नाही, घरात दुरावा येतो, आणि लाज म्हणून सगळे गिळले जाते. दीन शिकताना अन्सारी स्त्रियांच्या आड लाज आली नाही, याबद्दल हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली होती. डॉक्टरांसमोरही तीच हिंमत दाखवायला हवी.

डॉक्टरकडे जाताना कागदावर पाच गोष्टी लिहून न्या. शेवटची पाळी कधी आली, कोणता त्रास किती दिवसांपासून आहे, कोणती ऑपरेशने झाली, आई-बहिणी-खाला यांच्यापैकी कोणाला स्तनाचा कर्करोग झाला का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. मग विचारा की माझ्यासाठी फायदा काय, धोका काय, गोळी की जेल, किती दिवस आणि पुन्हा कधी दाखवायचे. रक्तदाब मोजल्याशिवाय आणि स्तनांची तपासणी केल्याशिवाय कोणी चिठ्ठी लिहून दिली तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. औषध सुरू झाल्यावर वर्षातून एकदा तरी पुन्हा हिशेब मांडायचा, कारण पारडी वयाबरोबर बदलतात.

घरातल्या पुरुषांना एकच विनंती. या महिन्यात आपल्या अम्मीला, बीवीला, मोठ्या बहिणीला विचारा, रात्री झोप लागते का? उत्तर ऐकून घ्या आणि गरज असेल तर दवाखान्यात सोबत जा. अल्लाह आपल्या सर्व माता-भगिनींना आफियत देवो. आमीन.